'लुना पार्क' हे नाव आलं कुठून?

१९०३ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या भागात एक अम्युझमेंट पार्क उघडलं. नाव लुना पार्क. आपल्याकडे लुना म्हटलं की फिरोदियांची मोपेड डोळ्यांसमोर येते, पण ही लुना तिच्याहून जवळजवळ सत्तर वर्षांनी थोरली. पार्कला ते नाव का दिलं, याची दोन उत्तरं आजही सांगितली जातात. पहिलं असं की मालकांच्या एका गाजलेल्या खेळात लुना नावाचं हवाई जहाज होतं, त्यावरून. दुसरं असं की दोन मालकांपैकी एकाच्या बहिणीचं नाव लुना होतं, तिच्यावरून.

जहाज खरंच होतं आणि बहीणही खरंच होती. त्यामुळे ज्याला जे आवडेल ते तो सांगतो. मला मात्र या दोन उत्तरांचं वजन सारखं वाटत नाही. कोणतं जड, हे ठरवायचं तर आधी ते जहाज पाहायला हवं, आणि त्यासाठी कोनी आयलंडच्या आधी बफेलोला जावं लागतं.

बफेलो हे नायगारा धबधब्याजवळचं शहर. १८९६ पासून धबधब्याच्या पाण्यावर तयार झालेली वीज तारांवरून तिथे यायला लागली होती. १९०१ साली या शहरात पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरलं. इमारतींच्या कडा, कमानी, मनोरे सगळं विजेच्या दिव्यांनी मढवलेलं होतं. बहुतेक लोकांच्या घरी तेव्हा गॅसचा किंवा रॉकेलचा दिवा असे. संध्याकाळी ते सगळे दिवे हळूहळू उजळत जाताना बघणं, हेच प्रदर्शनाचं मोठं आकर्षण होतं. (याच प्रदर्शनात ६ सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि आठवड्याभराने ते वारले. इतिहासाच्या पुस्तकांत बफेलोचं प्रदर्शन त्यासाठीच लक्षात राहिलं.)

प्रदर्शनात एक पट्टा निव्वळ करमणुकीसाठी राखलेला होता. तिथे फ्रेडरिक थॉम्पसन नावाच्या विशीतल्या तरुणाने एक खेळ उभा केला: 'चंद्राची सफर'. एका मोठ्या इमारतीच्या आत पंखांचं एक हवाई जहाज. त्यात एका वेळी तीसेक माणसं बसत. जहाजाचं नाव लुना, म्हणजे लॅटिनमध्ये चंद्र.

हा खेळ कसा चालायचा, ते समजून घेण्यासारखं आहे. जहाज जागचं हलत नसे, फक्त डुलायचं. त्याचे मोठाले पंख वरखाली व्हायचे. बाहेर रंगवलेले लांबलचक कापडी पडदे सरकायचे, तोंडावर वाऱ्याचा झोत यायचा, दिवे बदलायचे. आधी खाली प्रदर्शनाचं मैदान दिसे, मग नायगारा, मग पृथ्वी लहान लहान होत गोळ्याएवढी होई. वाटेत विजांचं वादळ लागे. शेवटी जहाज चंद्रावर टेकलं की प्रवासी उतरून चालायला लागत. गुहा, विचित्र झाडं, बुटक्या उंचीचे कलाकार चंद्रवासी झालेले, चंद्राच्या राजाचा दरबार, नाच. पाश्चात्त्यांत चंद्र हिरव्या चीजचा बनलेला आहे अशी एक बालकथांतली समजूत आहे, म्हणून चंद्रवासी पाहुण्यांच्या हातावर हिरव्या चीजचे तुकडेही ठेवत.

आज अंधाऱ्या खोलीत, हलणाऱ्या खुर्चीत बसवून, भोवतीची दृश्यं बदलून प्रवासाचा भास देणाऱ्या ज्या राइड असतात, त्यांची ही पणजी. १९०१ च्या प्रेक्षकाला तो भास किती जबरदस्त वाटला असेल, याची कल्पना एका तारखेवरून येते. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण झालं १७ डिसेंबर १९०३ रोजी. म्हणजे जमिनीपासून वर जाऊन खाली पाहण्याचा अनुभव, मोजके बलूनवाले सोडले तर, कोणालाही नव्हता. त्या लोकांना थॉम्पसनने थेट चंद्रावर नेलं.

खेळ तुफान चालला. आणि बफेलोतच थॉम्पसनची भागीदारी जमली ती एल्मर डंडीशी. 'स्किप' हे त्याचं टोपणनाव. आधी हे दोघे प्रतिस्पर्धी होते. थॉम्पसन कल्पनेचा माणूस, यंत्रं आणि इमारती डोक्यात घेऊन फिरणारा. डंडी पैशांचा माणूस, भांडवल उभं करणारा. डंडीचे वडील नेब्रास्कात न्यायाधीश होते. १८७९ मध्ये पोंका जमातीचा प्रमुख स्टँडिंग बेअर याच्या खटल्यात, अमेरिकेतला आदिवासी हा कायद्याच्या नजरेत 'व्यक्ती' आहे, असा निकाल देणारे न्यायमूर्ती डंडी ते हेच. विषय वेगळा आहे, पण त्या घराण्याची ओळख करून देताना हा निकाल वगळणं मला जमत नाही.

प्रदर्शन संपलं की त्यातल्या खेळांचं काय करायचं, हा प्रश्न असतो. १९०२ च्या उन्हाळ्यात हे दोघे 'चंद्राची सफर' घेऊन कोनी आयलंडला आले. बोलावणारा होता जॉर्ज टिल्यू, स्टीपलचेस पार्कचा मालक.

इथे थोडं थांबून 'पार्क' ही गोष्टच तेव्हा किती नवी होती ते सांगायला हवं, कारण नावाचं उत्तर त्यात दडलेलं आहे. कोनी आयलंडवर पाळणे, घसरगाड्या, तमाशे, खाण्याच्या टपऱ्या आधीपासून होत्या. पण त्या सुट्या सुट्या, रस्त्याच्या कडेला, प्रत्येकाचा मालक वेगळा, प्रत्येकाचे पैसे वेगळे. १८९५ मध्ये कॅप्टन पॉल बॉयटन याने एका जागेला कुंपण घातलं, दारावर तिकीट लावलं आणि आत सगळे खेळ ठेवले. कुंपण आणि दार आलं की दारावर लिहायला नाव लागतं. बॉयटनकडे शिकवलेल्या सी लायनचे, म्हणजे सागरी सिंहांचे खेळ होते, म्हणून त्याने नाव दिलं सी लायन पार्क. दोन वर्षांनी टिल्यूने आपली जागा बंदिस्त केली. त्याच्याकडची खास गोष्ट म्हणजे रुळांवरून धावणारे यांत्रिक घोडे, ज्यांवर बसून लोक शर्यत लावत. अडथळ्यांच्या घोडेशर्यतीला इंग्रजीत स्टीपलचेस म्हणतात. पार्कचं नावही तेच.

कोनी आयलंडवर लुना पार्कच्या आधी उभी राहिलेली बंदिस्त पार्क ही दोनच, आणि दोघांनाही आतल्या मुख्य आकर्षणाचं नाव मिळालेलं. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

१९०२ चा उन्हाळा पावसाने खाल्ला. सगळ्यांचाच धंदा बसला. तरी 'चंद्राची सफर' चालली. हंगाम संपताना टिल्यूने पुढच्या वर्षासाठी भागीदारांचा वाटा कमी करायचा म्हटलं आणि ते बिनसलं. तिकडे पावसाने हैराण झालेला बॉयटन आपलं पार्क सोडायला तयार होता. थॉम्पसन-डंडींनी ती जागा भाडेपट्ट्याने घेतली, जुन्यातलं बरंचसं पाडलं, पाण्यात सुर्रकन उतरणाऱ्या होड्यांची घसरगाडी तेवढी ठेवली. आणि टिल्यूच्या आवारातून आपलं जहाज हलवलं.

ते जहाज हलवण्याच्या कामाला एक हत्तीण जुंपली होती. तिचं नाव टॉप्सी. ती आशियातून पिल्लू असताना पकडून नेलेली, वर्षानुवर्षं सर्कशीत वापरलेली. १९०२ च्या मे महिन्यात तिच्याकडून ब्रुकलिनमध्ये एक माणूस मारला गेला होता. त्याने तिला चेतवलं होतं, असं त्या वेळी छापून आलं. सर्कसने तिला बॉयटनला विकलं आणि पार्कबरोबर ती नव्या मालकांकडे आली. ऑक्टोबरमध्ये तिने लुना जहाज ओढून नव्या जागी नेलं. वर्तमानपत्रांनी त्याला तिच्या पापाचं प्रायश्चित्त म्हटलं. त्या कामातच तिच्या माहुताने तिला भोसकलं आणि त्यावरून त्याला पकडलंही. पुढे तिची कटकट नको म्हणून मालकांनी तिला मारायचं ठरवलं, आणि तेही तिकीट लावून, फाशी देऊन. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याला हरकत घेतली. अखेर ४ जानेवारी १९०३ रोजी, बांधकाम चालू असलेल्या लुना पार्कच्या आवारात, तिला विष घालून, विजेचा धक्का देऊन आणि गळ्याला फास आवळून मारलं गेलं. एडिसन कंपनीच्या लोकांनी त्याचं चित्रीकरण केलं, आणि ती फिल्म अजून आहे.

या फिल्ममुळे एक गोष्ट सगळीकडे पसरली: डीसी (सतत एकाच दिशेने वाहणारी) वीज चांगली आणि एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज घातक, हे सिद्ध करण्यासाठी एडिसनने हत्तीण मारली. हे खरं नाही. कोणती वीज वापरायची हा वीज कंपन्यांमधला एसी-डीसीचा झगडा दहा वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता, आणि एडिसन स्वतः त्या दिवशी तिथे नव्हता. मग ही गोष्ट टिकली का? कारण तिच्यात एक प्रसिद्ध माणूस आहे आणि त्याचा एक हेतू आहे. खरी हकीकत अधिक वाईट आहे. नव्या पार्कची प्रसिद्धी हवी असलेल्या दोन माणसांनी एका थकलेल्या जनावराचा जीव घेतला.

आता नावाकडे वळू. बहिणीची गोष्ट मला याच जातीची वाटते, अर्थात तिच्यात क्रौर्य काही नाही. तिच्यात माणूस आहे, माया आहे, ती सांगायला गोड आहे. पण ती काय काय उलगडते ते पाहा. पार्कचं नाव लुना का, एवढंच. पार्कभर चंद्रकोरी का होत्या, हे ती सांगत नाही. लुना हे नाव पार्कच्या दोन वर्षं आधी जहाजावर का होतं, हेही सांगत नाही. चंद्रावर जाणाऱ्या जहाजाला चंद्राचं लॅटिन नाव देण्यासाठी कोणाला बहीण असावी लागत नाही. शिवाय शेजारच्या दोन्ही पार्कना त्यांच्या मुख्य खेळावरून नावं पडलेली, आणि या दोघांकडे मुख्य खेळ एकच होता. ज्याच्यावर त्यांनी नाव कमावलं, जे त्यांनी टिल्यूकडून हत्तीण लावून ओढून आणलं, त्याचंच नाव दारावर आलं. घरात त्याच नावाची बहीण आहे याचा डंडीला आनंद झाला असेल, त्याने तो चारचौघांत बोलूनही दाखवला असेल. त्यामुळे तिचं नाव जोडलं जाणं अगदी स्वाभाविक आहे. नाव ठरण्याचं कारण मात्र जहाजच.

१६ मे १९०३, संध्याकाळचे आठ. दारं उघडली आणि दिवे लागले. जाहिरातीत दिव्यांचा आकडा अडीच लाख होता. प्रवेश १० सेंट. बफेलोत जे पाहून थॉम्पसनचे डोळे दिपले होते, ते त्याने न्यूयॉर्कच्या कामगारांसाठी, दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांसाठी समुद्रकाठी कायमचं मांडलं. मनोरे, घुमट, मिनार, कमानी, आणि प्रत्येकाची कड दिव्यांनी आखलेली. दिवसा हे बांधकाम लाकूड आणि प्लास्टरचं दिसे, रात्री ते निव्वळ प्रकाशाचं होई. रात्रीच खुलणाऱ्या जागेला चंद्राचं नाव, ही जोडी जमून गेली. माझ्या मते नाव जे टिकलं ते या जुळणीमुळे. नुसत्या जहाजाच्या जोरावर ते दोनचार वर्षांत विरलं असतं.

दुसऱ्याच वर्षी, १९०४ मध्ये, लुना पार्कमध्ये दिल्ली आली. १ जानेवारी १९०३ रोजी लॉर्ड कर्झनने दिल्लीत भरवलेल्या दरबाराच्या बातम्या जगभर गेल्या होत्या. थॉम्पसन-डंडींनी त्याची नक्कल उभी केली: दिल्लीचे रस्ते, झुली घातलेले हत्ती, उंट, घोडे, मिरवणूक. आपल्याकडे साम्राज्याचा तो मिजासखोर सोहळा प्लेग आणि दुष्काळाच्या सावलीत पार पडला होता. तिकडे तो दोन घटका करमणुकीचा देखावा झाला. त्याच वर्षी समोर तिसरं पार्क उघडलं, त्याचं नाव ड्रीमलँड. कोनी आयलंडवर आतल्या एखाद्या खेळाशी संबंध नसलेलं हे पहिलं नाव. म्हणजे वर्षभरातच नावं द्यायची तऱ्हा पालटली होती.

इथून पुढे नाव मालकांच्या हातून सुटलं. १९०५ मध्ये फ्रेडरिक इंगरसॉल या उद्योजकाने पिट्सबर्ग आणि क्लीव्हलँडला लुना पार्क उघडली आणि मग नावाची साखळीच लागली. पॅरिसमध्ये १९०९ ला लुना पार्क आलं, बर्लिनमध्येही आलं. टोकियोत १९१० ला उघडलेलं दुसऱ्याच वर्षी जळालं. ओसाकात १९१२ ला उघडलेल्या लुना पार्कशेजारी त्सुतेनकाकू नावाचा उंच मनोरा होता आणि दोहोंमध्ये रोपवे. मेलबर्नला १३ डिसेंबर १९१२ रोजी उघडलेलं लुना पार्क अजून चालू आहे. त्याचं दार म्हणजे चंद्राचा भलामोठा चेहरा, आ वासलेल्या तोंडातून आत जायचं. त्याच्या लाकडी घसरगाडीवर आजही एक माणूस डब्यांच्या मधोमध उभा राहून हाताने ब्रेक लावतो.

या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त भिडतं ते कैरोजवळच्या हेलिओपोलिसचं लुना पार्क. १९११ मध्ये उघडलेलं. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत जखमी झालेले ऑस्ट्रेलियन सैनिक बोटी भरभरून इजिप्तला यायला लागले. तिथल्या आलिशान हॉटेलात थाटलेलं लष्करी रुग्णालय अपुरं पडलं, तेव्हा लुना पार्क ताब्यात घेतलं गेलं. स्केटिंगच्या हॉलमध्ये खाटा लागल्या. घसरगाडीच्या सांगाड्यातही खाटा लागल्या. त्यातल्या मेलबर्नच्या पोरांनी आपल्या गावच्या समुद्रकाठी दोन-अडीच वर्षांपूर्वी हेच नाव दारावर वाचलेलं असणार.

इतक्या ठिकाणी इतक्या मालकांनी तेच नाव लावलं की शेवटी ते कोणाचंच राहिलं नाही. इटालियन, ग्रीक, तुर्की, पोलिश, हिब्रू अशा कित्येक भाषांत 'लुना पार्क' हा साधा शब्द झाला. अर्थ, अम्युझमेंट पार्क. गावाबाहेरच्या मैदानावर आठ दिवसांसाठी लागलेला आनंदमेळाही लुना पार्कच.

हे कसं होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून एसटीच्या निमआराम गाडीला लोक 'एशियाड' म्हणायला लागले, आणि पुढे दादर-पुणे एशियाडचं तिकीट काढणाऱ्या कित्येकांना त्या खेळांची आठवणही नव्हती. त्याच खेळांचं बोधचिन्ह होतं अप्पू हा छोटा हत्ती. त्याच्यावरून १९ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत प्रगती मैदानावर 'अप्पू घर' सुरू झालं. ते २००८ मध्ये बंद झालं, पण नाव तोवर पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीला येऊन पोहोचलं होतं. निगडीच्या अप्पू घरात खेळलेल्या मुलांना अप्पू कोण हे कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

लुना पार्कच्या आधीही हे घडून गेलं होतं. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी व्हॉक्सहॉल नावाच्या वस्तीत एक करमणुकीची बाग होती: संगीत, दिवे, आतषबाजी. ती इतकी गाजली की युरोपभर अशा बागांना व्हॉक्सहॉल म्हणायला लागले. रशियात पहिला रेल्वेमार्ग सेंट पीटर्सबर्गपासून पाव्हलोव्स्कपर्यंत गेला, तेव्हा त्याच्या टोकाला स्टेशनाला लागूनच संगीताचा हॉल बांधला आणि त्याला तेच नाव मिळालं. आज रशियन भाषेत मोठ्या रेल्वे स्टेशनला 'वोकझाल' म्हणतात ते त्यावरून. कोपनहेगनची प्रसिद्ध टिव्होली बाग १८४३ मध्ये उघडली तेव्हा तिचं पूर्ण नाव 'टिव्होली आणि व्हॉक्सहॉल' होतं. टिव्होली पॅरिसच्या बागेवरून आणि पॅरिसची ती बाग रोमजवळच्या टिव्होली गावावरून, जिथली कारंजी आणि बागा शतकानुशतकं नावाजलेल्या. टिव्होलीची अक्षरं उलटी वाचली की 'मला हे आवडतं' असं काहीसं इंग्रजी वाक्य निघतं, त्यावरून नाव ठेवलं, असं सांगणारे भेटतात. गाव दोन हजार वर्षांहून जुनं आहे हे ते विसरतात.

मूळ लुना पार्कचं पुढे काय झालं? डंडी १९०७ मध्ये वारला. हिशेब सांभाळणारा गेल्यावर थॉम्पसनचा खर्चाचा लगाम सुटला आणि १९१२ मध्ये पार्क त्याच्या हातून गेलं. तो १९१९ मध्ये वारला, वयाच्या पंचेचाळिशीत. पार्क इतरांच्या हाती चालत राहिलं. ऑगस्ट १९४४ मध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर ते पुन्हा कधी उघडलं नाही. त्या जमिनीवर पुढे निवासी इमारती उभ्या राहिल्या. वसाहतीचं नाव लुना पार्कच आहे. तिथे लोक राहतात आणि पत्त्यात ते नाव लिहितात.

२९ मे २०१० रोजी कोनी आयलंडवर नवं लुना पार्क उघडलं, जुन्या जागेवर नाही, सर्फ अव्हेन्यूच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. ते चालवणारी झांपेर्ला ही कंपनी राइड बनवते, आणि ती आहे इटलीची, जिथे लहान मुलं कुठल्याही पाळण्याच्या मैदानाला लुना पार्क म्हणतच मोठी होतात.